काटा शून्यावर

७ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

ही काल बहिणीकडे गेली. घर शांत. या शांततेचा सदुपयोग म्हणून आजपासून रोजनिशी. वही ऑफिसातली, निवृत्तीच्या दिवशी आणलेली, कोरी करकरीत. माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं.

खरं म्हणजे भांडण वगैरे काही झालेलं नाही. मंगळवारी जेवताना हिने शांतपणे सांगितलं की मी ताईकडे राहायला जाते आहे. मी म्हटलं, जा की, हवापालट होईल. किती दिवस विचारलं, तर म्हणाली, मी परत येईन असं धरून चालू नका. म्हणजे तारीख नक्की नाही. हिला आयुष्यात कधी प्रोग्रॅम फिक्स करता आला नाही.

दोन मोठ्या बॅगा आणि एक पिशवी. आठ-पंधरा दिवसांसाठी! टॅक्सी खाली हॉर्न वाजवत होती तरी ही कोट घालून पुन्हा स्वयंपाकघरात गेली. दोन मिनिटं आतच. काहीतरी विसरली असणार, नेहमीचंच. मग दारात थांबून म्हणाली, बॉयलरचं एक सांगायचं होतं. मला हसूच आलं. वजनमापं खात्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. शहरातला एकेक काटा माझ्या नजरेखालून गेला आहे. मला बघून दुकानदारांना दरदरून घाम फुटायचा. मला बॉयलरचं काय सांगणार? तसं म्हणालोही.

बॅग डाव्या हाताने उचलली. उजवं मनगट अजून नाजूक आहे. सप्टेंबरात बाथरूममध्ये घसरून मोडून घेतलं, खाली बघून चालायची सवय नाही. बॅग मी उचलणारच होतो, तेवढ्यात टॅक्सीवाल्याने उचलली.

संकल्प: ही येईपर्यंत घर असं चालवून दाखवायचं की हिला वाटलं पाहिजे, आपण एवढी वर्षं उगाच धावपळ केली.

कढत पाण्याचा शॉवर, पाऊण तास. बॉयलर, रेडिएटर, सगळी सिस्टिम मी निवडलेली, एकोणीस वर्षांपूर्वी. फुल ऑटोमॅटिक. एकोणीस वर्षांत एकदाही हात लावावा लागलेला नाही.

८ नोव्हेंबर, दुपारी

साफसफाई काढली. बाथरूमच्या रेडिएटरमागे आइस्क्रीमचा जुना प्लॅस्टिकचा डबा, त्यात दोन बोटं पाणी. डब्याच्या वर पाइपच्या नटाला चिंधी बांधलेली. हिला टाकाऊ वस्तू साठवायची खोडच आहे. डबा फेकला. चिंधी सोडली. पाइप आता पाइपासारखा दिसतो.

बॉयलर स्वयंपाकघरातल्या उभ्या कपाटात आहे. त्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीच्या रेघा. शेकडो! ओळीने मारलेल्या, मध्येमध्ये एखादं अक्षर. जा, फे, मे. मुलीचे लहानपणचे उद्योग, दुसरं काय. आता तीस वर्षांची आहे, सांगितलं तर लाजेल. फडक्याला साबण लावून वरून पुसायला घेतलं. निम्म्यावर आलो आणि खांदा भरून आला. उरलेलं उद्या.

९ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

शॉवरला पाणी गार. दोन मिनिटं थांबलो. जास्त गार.

७.४०

रीतसर तपासणी केली. रीतसर म्हणजे आधी काटा. बॉयलरच्या पुढे गोल तबकडी आहे, शून्य ते चार. काटा शून्यावर. चष्मा पुसून डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. एका केसाचाही फरक नाही. आमच्या खात्याचा पहिला नियम: पारड्यात काही नसताना काटा शून्यावर हवा. असला की यंत्र निर्दोष. म्हणजे बॉयलर ठणठणीत आहे, बिघाड दुसरीकडे कुठेतरी. अर्धा प्रश्न सुटला.

एक लाल दिवा लुकलुकतो आहे. सेफ्टीचा असावा. रीसेटचं बटण सहा वेळा दाबलं.

११.१५

जिन्यात शेजारी भेटले. निवृत्त ट्रामचालक. न विचारता सल्ले देतात म्हणून मी मनातल्या मनात त्यांना ‘उंटावरचे’ म्हणतो. त्यांच्याकडे गरम पाणी आहे. म्हणाले, प्रेशर बघा, सिस्टिममध्ये पाणी भरावं लागतं. मी सांगितलं, आमचा काटा अगदी अचूक शून्यावर आहे. ते माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, मग झालंच की. पटलेलं दिसलं.

१० नोव्हेंबर, सायंकाळ

निदान झालं. रेडिएटरमध्ये हवा धरते. किल्ली घेऊन पाचही रेडिएटरचे स्क्रू ढिले केले, हॉलचा तर निघूनच आला आणि सोफ्याखाली गेला. आधी सुस्कारा, मग काळं पाणी, मग तेही बंद. एकूण एक हवा काढली. शेवटच्या रेडिएटरला तर आवाजसुद्धा आला नाही, इतकं काम साफ झालं.

हॉलच्या गालिच्यावर काळा डाग, साधारण ताटाएवढा. या गालिच्यावरून ही मला बूट घालून जाऊ देत नव्हती. खुर्ची सरकवून डागावर ठेवली. खुर्ची तिथे जास्त शोभते.

काटा अजून शून्यावर. ढळलेला नाही.

११ नोव्हेंबर

आंघोळ: किटलीच्या सात फेऱ्या. सातवी होईपर्यंत पहिली गार. उत्तम व्यायाम.

कपाटात हिच्या बाजूला नुसते हँगर. हिवाळ्याचे कपडे ड्राय-क्लीनिंगला टाकले असणार. पावती कुठे ठेवली, विचारायला हवं.

१२ नोव्हेंबर, सकाळी १०

मेव्हणीला फोन केला. गेल्या आठवड्यापासून चौथा. पहिल्यांदा ही झोपली होती, दुसऱ्यांदा बाहेर गेली होती, तिसऱ्यांदा आंघोळीला. आज पुन्हा बाहेर. मेव्हणीने विचारलं, काही निरोप आहे का. मी सांगितलं, सगळं फर्स्ट क्लास आहे, गरम पाणी भरपूर. मेव्हणी ‘हं’ म्हणाली. हा ‘हं’ त्यांना जन्मजात आहे. आमच्या लग्नातसुद्धा म्हणाल्या होत्या.

निरोप दुसरा द्यायला हवा होता. पण मेव्हणीला कसा सांगणार? घरात दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो, हा काय निरोप झाला?

१४ नोव्हेंबर

हॉलमधल्या थर्मोस्टॅटची बॅटरी बदलली. आकडे एकदम ठळक. घरातलं तापमान अकरा डिग्री. आधी किती होतं ते कळतच नव्हतं. प्रगती म्हणतात ती हीच.

घरात कोट घालून बसतो. कोटाच्या डाव्या खिशाला भोक होतं. हात घातला तर शिवलेलं. कधी शिवलं कुणास ठाऊक.

१६ नोव्हेंबर, रविवार

पंप. आता शंका नाही. पंप अडकला की पाणी फिरत नाही, साधं लॉजिक आहे. लाटण्याने हलके ठोके दिले. मग जरा जोरात. लाटण्याची मूठ तुटली. लाटणं जुनंच होतं.

सायंकाळ, ६.००

बाथरूममध्ये घसरलो. रेडिएटरखाली पाण्याचं थारोळं होतं. किटलीचं सांडलं असणार, नाहीतर पाणी कुठून येणार? कोपर टम्म सुजलं. उठता येईना म्हणून तसाच पडून छत बघत होतो. हिला हाक मारली. सवय.

हीसुद्धा बरोबर याच जागी पडली होती. तेव्हा हिने मला पुष्कळ हाका मारल्या म्हणे. रेडिओ चालू होता, वीस मिनिटं मला काही ऐकू आलं नाही. नंतर डॉक्टरांसमोर मी म्हणालो होतो की ही खाली बघून चालत नाही. आता वाटतं, फरशीचाच दोष. फरशीवाल्याला धरला पाहिजे.

१८ नोव्हेंबर

मुलीचा फोन. शनिवारी येते आहे, गाडी घेऊन. आईचं काम आहे म्हणाली. गाडी घेऊन! दोन बॅगा आणि एक पिशवी परत आणायची तर गाडी हवीच. मी जास्त खोदून विचारलं नाही. लेकीला सरप्राइझ द्यायचं असेल तर बापाने देऊ द्यावं.

हातात चार दिवस. शनिवारपर्यंत गरम पाणी आलंच पाहिजे. ही दारातून आत आली की आधी हात धुते. नळ सोडेल, कढत पाणी येईल. मी काही बोलणार नाही. पेपर वाचत बसेन.

२० नोव्हेंबर

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बॉयलरची पुस्तिका कपाटातच होती, खिळ्याला टांगलेली. पहिल्या पानावर माझी सही, एकोणीस वर्षांपूर्वीची: तपासले, योग्य आहे. आतलं मात्र आजच वाचलं.

पान चौदावर छापलंय की काटा एक ते दीडच्या मध्ये असावा, खाली गेल्यास बॉयलर आपोआप बंद होतो. धडधडीत छपाईची चूक. काही न ठेवता काटा दीडवर? असा काटा मी जागच्या जागी जप्त केला असता.

त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे. समासात हिच्या अक्षरात लिहिलंय: ह्यांना सांगितलं. पुढे तारीख. खाली पुन्हा: सांगितलं, बाथरूमचं पण. तारीख. खाली पुन्हा. तीन तारखा, पहिली दोन वर्षांपूर्वीची, शेवटची या ऑगस्टमधली.

काय सांगितलं होतं, आठवत नाही. खूप वेळ आठवून पाहिलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी ४

मुलगी एकटीच आली.

हातात यादी होती. शिलाई मशीन, हिवाळी बूट, डोळ्यांच्या डॉक्टरांची फाइल, बँकेची कागदपत्रं, पलंगाशेजारच्या टेबलावरचा दिवा. मी मशीन खाली न्यायला मदत केली. जड आहे. दिवा नेण्याचं कारण कळलं नाही, ताईंकडे काय अंधार आहे?

विचारलं, आई कधी येणार. मुलीने बाहेर बघत सांगितलं की आईला ताईमावशीच्या घराजवळ एका शिलाईच्या दुकानात काम मिळालंय, आठवड्यातून चार दिवस. वरची खोली आईसाठी रंगवून घेतली. आईनेच रंग निवडला. मी म्हटलं, बरंय, वेळ जाईल. मुलगी म्हणाली, बाबा. एवढंच.

मग तिने हात धुवायला नळ सोडला आणि पाणी किती दिवस बर्फासारखं आहे विचारलं. मी सांगितलं, दुरुस्ती अंतिम टप्प्यात आहे. ती म्हणाली, आईला विचारा ना, आईला सगळं येतं. मी म्हटलं, एकतीस वर्षं काटे तपासलेल्या माणसाने घरच्या काट्याबद्दल बायकोला विचारायचं? तिने कपाट उघडलं. दाराकडे बघत राहिली. वरच्या रेघा कुणी पुसल्या, असं विचारलं. मी चेष्टेने म्हणालो, तुझे लहानपणचे पराक्रम झाकतोय. तर म्हणाली, त्या माझ्या नाहीत, बाबा. तिचे डोळे भरून आले होते. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

जाताना मिठी मारली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. सोमवारी प्लंबर पाठवते आहे, नाही म्हणायचं नाही, अशी तंबी दिली. मी हो म्हणालो, तिच्या समाधानासाठी.

मशीन होतं तिथे जमिनीवर चार गोल खुणा आहेत. पुसून गेल्या नाहीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार, दुपारी २

सविस्तर लिहितो.

प्लंबर म्हणून पन्नाशीच्या एक बाई आल्या. मला वाटलं, पत्ता चुकल्या. त्यांनी बूट पुसले, सरळ स्वयंपाकघरात गेल्या, कपाट उघडलं, तबकडीकडे पाहिलं. दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. विचारलं, आजवर पाणी कोण भरत होतं.

मी म्हटलं, कुणी नाही, ऑटोमॅटिक आहे.

त्या म्हणाल्या, साहेब, हे मॉडेल आपलं आपण पाणी भरत नाही. कुणीतरी भरावं लागतं.

मी त्यांना शून्याचा नियम समजावून सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदाही हसल्या नाहीत, तेवढी माणुसकी दाखवली. मग म्हणाल्या, हा दुकानातला काटा नव्हे. इथे आतल्या पाण्याचा दाब दिसतो. शून्य म्हणजे सगळं बरोबर असं नाही, शून्य म्हणजे आत काही उरलेलं नाही.

पंधरा दिवस मी रोज त्या काट्यासमोर उभा राहून समाधानाने मान डोलवत होतो. आधीच नासलेलं काम, त्यात रेडिएटरमधलं उरलंसुरलं पाणीही मीच काढून टाकलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ही म्हण मी शेजाऱ्यांबद्दल पुष्कळदा वापरली आहे.

बॉयलरखाली दोन छोट्या तोट्या आहेत. एकोणीस वर्षांत मी वाकून पाहिलं नव्हतं. एकीच्या मुठीला कापडाची पट्टी गुंडाळलेली. धातू हाताला बोचतो म्हणून बायका असं करतात, प्लंबरबाई म्हणाल्या. कापड ओळखीचं होतं. माझ्या युनिफॉर्मचा जुना शर्ट. बाईंनी रेडिएटरचे ढिले स्क्रू आवळले, हॉलचा रेडिएटर तूर्त बंद केला आणि तोट्या सोडल्या. पाइपमधून पाण्याचा आवाज आला आणि काटा हलला. अर्धा, एक, सव्वा, दीड. तोट्या बंद. बटण एकदा दाबलं. आत जाळ पेटल्याचा आवाज झाला.

मग बाईंचं लक्ष दाराकडे गेलं. म्हणाल्या, भरणाऱ्याने छान हिशोब ठेवलाय. दर वेळी पाणी भरलं की एक रेघ, महिना बदलला की त्याचं अक्षर. बोट ठेवून दाखवत गेल्या: इथे महिन्यातून तीनदा, इथे दर आठवड्याला, इथे चार दिवसांनी, या ऑगस्टनंतर दिवसाआड. गळती वाढत गेली बघा. आधीचं कळलं असतं तर गळती कधी सुरू झाली तेही सांगता आलं असतं, पण वरचं कुणीतरी पुसून टाकलंय.

मी पुसलं, असं सांगितलं.

त्यांनी विचारलं, मधल्या या वाकड्यातिकड्या रेघा कुणाच्या, घरात लहान मूल आहे का. नाही म्हणालो. वर ‘स’ लिहिलं होतं, तेही वाकडं. खाली ‘ऑ’. मी मोजल्या. एकवीस. दिवसाआड एक, म्हणजे सहा आठवडे. सहा आठवडे हिच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं. डाव्या हाताने तोटी फिरवत होती, डाव्या हाताने रेघ मारत होती. मी रोज सकाळी शॉवरखाली पाऊण तास उभा राहत होतो आणि बाहेर येऊन सिस्टिमची तारीफ करत होतो.

शेवटची ओळ ‘नो’ची. तीन रेघा. दोन तारखेची, चारची, सहाची. सहाला टॅक्सी खाली हॉर्न वाजवत होती. ही काही विसरली नव्हती.

दुपारी ३

बाईंना गळती कुठकुठे आहे ते हवं होतं. म्हणाल्या, मी शोधेन, पण ज्यांना माहीत आहे त्यांना फोन करा, तास वाचेल. मेव्हणीने उचलला. या वेळी खरं सांगितलं: पंधरा दिवस गरम पाणी नाही, मला काही येत नाही, प्लंबरबाई आल्या आहेत, हिला विचारायचं आहे. मेव्हणी ‘हं’ म्हणाली नाही. अर्ध्या मिनिटात ही फोनवर.

आवाज ऐकला आणि ठरवलेलं सगळं विसरलो. हिनेच सुरुवात केली. बाथरूमच्या रेडिएटरचा खालचा डावा नट, दोन वर्षांपासून. चिंधी बांधली आहे, खाली डबा आहे, डबा रोज रिकामा करायचा. मी म्हटलं, डबा फेकला. ही म्हणाली, हॉलच्या रेडिएटरच्या स्क्रूला हात लावू नका, त्याचे आटे गेलेत. मी म्हटलं, तो सोफ्याखाली आहे. ही म्हणाली, फोन बाईंना द्या.

दोघी पंधरा मिनिटं बोलत होत्या. मी शेजारी उभा. मध्ये एकदा बाई हसल्या, पलीकडून हीसुद्धा हसल्याचं ऐकू आलं. हे हसणं मी किती दिवसांनी ऐकलं ते सांगता येणार नाही.

फोन परत माझ्याकडे आला. विचारलं, मनगट कसं आहे. म्हणाली, थंडीत ठणकतं. मी सांगितलं, मीही तिथेच पडलो. दोष फरशीचा नव्हता. तुझाही नव्हता. ही म्हणाली, मला माहीत होतं. अजिबात चिडून नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, भांडून मनवता आलं असतं.

मग मी म्हणालो, पाणी आलं. ही म्हणाली, छान झालं. म्हणालो, आता घर गरम होईल. हो, म्हणाली. विचारलं, मग कधी.

हिने सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं: काटा दीडवर आला की थांबायचं, दोन्ही तोट्या घट्ट बंद करायच्या, आधी डावी. आता तुम्हाला जमेल.

आणि फोन ठेवला.

सायंकाळ

बाईंनी नट बदलला, हॉलचा स्क्रू नवा घातला, पुन्हा पाणी भरलं. घड्याळ लावून पाहिलं. चाळीस मिनिटं. हिने दोन वर्षांत तीनदा सांगितलेलं काम चाळीस मिनिटांचं होतं.

२५ नोव्हेंबर, सकाळी ७

काटा दीडवर.

संकल्प: आजपासून हे काम माझं. रोज सातला कपाट उघडायचं. काटा उतरला की पाणी भरायचं, डावी तोटी आधी, आणि दारावर रेघ मारायची. पुसलेल्या जागेपासून सुरुवात करायची. पेन्सिलीला टोक करून ठेवली आहे. ही आली की बघेल. दिवसाआड एक म्हटलं तर फेब्रुवारीपर्यंत पन्नासेक रेघा होतील. मग ही विचारेल, या कुणाच्या. मी काही बोलणार नाही.

२६ नोव्हेंबर, सकाळी ७

काटा दीडवर. उतरलेला नाही. उद्या उतरेल.

२७ नोव्हेंबर, सकाळी ७

दीडवर. एका केसाचाही फरक नाही.

९.३०

प्लंबरबाईंना फोन करून विचारलं, काटा कधी उतरेल. त्यांना वाटलं तक्रार आहे. तक्रार नाही, नुसतं विचारतोय म्हणालो. म्हणाल्या, आता कशाला उतरेल साहेब, गळती बंद केली ना. वर्षभर बघायलासुद्धा नको. निश्चिंत राहा.

आभार मानले.

२८ नोव्हेंबर, सकाळी ७

काटा दीडवर. पाणी कढत. घर एकवीस डिग्री. सिस्टिम पहिल्यांदाच खरोखर ऑटोमॅटिक झाली आहे. कुणी काही करायचं उरलेलं नाही.

कपाटासमोर स्टूल घेऊन अर्धा तास बसलो. सहा तारखेच्या रेघेच्या पुढे जागा आहे. तिथे एक रेघ मारावी असं फार वाटलं. पण पाणी भरलं नाही तर रेघ कशाची मारणार? खोटी नोंद एकतीस वर्षांत कधी केली नाही.

ही येणार नाही. हिने जाण्याआधीच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

पेन्सिल ड्रॉवरमध्ये ठेवली. कपाट बंद केलं.